पोटातल्या पाण्याची चोरी

१

धर्माबादेत चोऱ्या होतच नाहीत असं नाही. मिरचीची पोती जातात, मोटारसायकली जातात, एकदा तर लग्नाच्या मांडवातून भाजीची कढई चुलीवरून उचलून नेली होती. पण पोटातलं पाणी चोरीला जातंय ही तक्रार त्या सोमवारी गावात पहिल्यांदाच आली. आणि ती पोलिसांत गेली नाही, यार्डाच्या रस्त्यावरच्या रईसाआपाच्या मेडिकलवर आली.

रईसाआपा सत्तावन्न वर्षांची. तीस वर्षं ती त्या काउंटरमागं बसत होती. गावातली अर्धी माणसं आधी तिला विचारून मग डॉक्टरकडं जात, आणि उरलेली अर्धी डॉक्टरकडून येऊन तिला विचारत. शेजारच्या गाळ्यात तिचा नवरा हनीफ शिलाई मशीन चालवायचा. सहा महिने झाले, आपाचा उजवा खांदा आखडला होता. हात डोक्याच्या वर जातच नव्हता. वरच्या फळीवरचं काही लागलं की ती हनीफला हाक मारायची, आणि तो दर वेळी म्हणायचा, "दुकान तुझं अन् नोकर मी."

त्या दिवशी काउंटरसमोर तिघं उभे होते. वर्षाराणी, सातवा महिना लागलेली, मिरचीच्या यार्डात देठ काढायचं काम करणारी. तिची सासू तुळजाबाई. आणि मुखेडहून आलेला वर्षाराणीचा भाऊ हरिओम, ज्याचा चेहरा तापला होता.

नांदेडच्या डॉक्टर लुंबिनीबाईंनी सोनोग्राफी केली होती. बाळाचे ठोके चांगले, वाढ चांगली. पण बाळ ज्या पाण्यात राहतं ते पाणी आटत चाललं होतं. अंगावरून पाणी जातं का? नाही. रक्तदाब? नाही. साखर? नाही. कंबरेची, अंगदुखीची गोळी घेतेस का? एकही नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं, पुढच्या सोमवारी पुन्हा बघू. पाच सेंटिमीटरच्या खाली गेलं तर भरती करून घेईन, आणि वेळ आली तर बाळ आताच बाहेर काढावं लागेल. सातव्या महिन्यातलं बाळ म्हणजे काय, हे सांगायची गरज कुणालाच नव्हती.

हरिओमनं सोनोग्राफीचे कागद पत्त्यांसारखे काउंटरवर मांडले. पहिल्यांदा पाणी नऊ. मग सात. मग वर्षाराणी चुलतबहिणीच्या लग्नाला दहा दिवस मुखेडला गेली, तिथून आल्यावर दहा. सासरी परतली, सहा. तेव्हा डॉक्टरबाईंनी यार्ड बंद करून घरी पडून राहायला सांगितलं. आठ दिवस ती खाटेवरून उतरली नाही. आज पाच.

"माहेरी वाढतं, सासरी आटतं," हरिओम म्हणाला. "आता ह्याचा अर्थ मी सांगायचा का तुमी सांगता, आपा?"

तो बहिणीला तिथूनच घेऊन जायला निघाला होता. पण डॉक्टरांनी नांदेडची रेल्वे सोडून सगळा प्रवास बंद केला होता, आणि वर्षाराणीही हटून बसली. मी आज गेले तर सासूबाईंनी विष घातलं असंच गाव म्हणेल, असं ती रडत रडत म्हणत होती. तिला आई नव्हती. लग्नाला चार वर्षं झाली, तेव्हापासून तिची वेणी तुळजाबाई घालायची. शेवटी हरिओमनं मुदत दिली. सोमवारी नांदेडला तो जीप घेऊन येणार, पाणी वाढलेलं नसलं तर बहीण तिथूनच मुखेडला, पुन्हा ह्या घराचं तोंड बघायचं नाही.

एवढं सगळं होईस्तोवर तुळजाबाई एक शब्द बोलली नाही. रस्त्यावर गल्लीतल्या चार बाया थांबून ऐकत होत्या, तरी बोलली नाही. खोटं कशाला बोला, रईसालाही त्या घडीला तिचाच संशय आला.

२

मंगळवारी सकाळी रईसा तुळजाबाईच्या घरी गेली. वर्षाराणीचा नवरा वैजनाथ टेम्पो घेऊन पंधरा दिवसांपासून हैदराबादच्या फेऱ्या मारत होता. त्यामुळे घरात सासू आणि सून दोघीच, आणि खायला-प्यायला घालणारी एकटी सासू.

रईसाला काय शोधायचं ते नीट माहीत होतं. पोटातल्या बाळाला काही न करता फक्त त्याचं पाणी आटवणारी औषधांची एकच जात तिच्या माहितीची होती, ती म्हणजे दुखणं आणि सूज मारणाऱ्या गोळ्यांची. डॉक्टरबाईंनी प्रश्न बरोबर विचारला होता. फक्त उत्तर बरोबर आलं नव्हतं, किंवा उत्तर देणारीलाच ते माहीत नव्हतं.

तिनं तुळजाबाईकडं सगळे डबे मागितले. तुळजाबाईनं मुकाट्यानं एकेक काढून दिला. सुंठ, ओवा, बडीशेप, डिंक, खारीक. रईसानं प्रत्येकातली चिमूट जिभेवर ठेवली. सुंठ सुंठच होती. अंगाला लावायचं तेल हुंगलं, नुसतं तिळाचं. देव्हाऱ्यामागं पुडी नव्हती, उतरंडीत नव्हती, तांदळात हात घालून बघितला तिथं नव्हती. एवढी झडती घेऊनही तुळजाबाई रागावली नाही, आणि रईसाला तेच खटकलं. आपल्या घरात कुणी असा हात घातला असता तर रईसानं त्याला झाडूनं हाकललं असतं.

दुपारी तुळजाबाईनं सुनेसाठी काढा उकळला. पेला भरला. रईसा चप्पल घालून निघाल्यासारखी झाली आणि दाराआड थांबली. तुळजाबाई पेला घेऊन सुनेच्या खाटेकडं गेलीच नाही. मागच्या दारानं बाहेर पडली, इकडंतिकडं बघितलं, लिंबाच्या बुडाशी पेला रिकामा केला आणि पायानं वर माती ओढली.

"काय पुरलंस गं तिथं?" रईसानं मागून विचारलं.

तुळजाबाईच्या हातातून पेला पडला.

३

ती तिथंच मातीत बसली. तोंडाला पदर लावून जे बोलली ते रईसाला कान लावून ऐकावं लागलं.

"मला माझाच भेव वाटून राहिला, आपा. माझ्या सासूनं मला हाच काढा दिला व्हता, म्हणून मी बी दिला. आता पाणी आटलं तर दुसरं कोन? मीच असंल. आठ दिस झाले, करते आन् वतून टाकते. पोरीला म्हणते पिलीस तू झोपेत."

काउंटरसमोर ती गप्प का होती ते आता कळलं. भाऊ जे म्हणत होता ते तिचं तिलाच खरं वाटत होतं. रईसाला आपल्या संशयाची लाज वाटली. तिनं तुळजाबाईला हाताला धरून उठवलं आणि सांगितलं की ह्या काढ्यानं मुंगीही मरणार नाही. आणि मनात टिपलं की आठ दिवस काढा बंद आहे, तरी पाणी सहाचं पाच झालं. म्हणजे काढा सुटला. तुळजाबाईही सुटली, पण हे हरिओमला पटवायला चोर धरून दाखवावा लागणार होता.

राहिली वर्षाराणी. पोरी कधी कधी दुखणं सोसवत नाही म्हणून लपवून गोळी घेतात आणि मग सांगायला भितात. रईसानं सासूला बाहेर पाठवलं आणि खाटेच्या कडेला बसून लाडीगोडीनं विचारलं. यार्डाचा मुकादम बसवंत, त्याची बायको सिद्धम्मा दर सोमवारी रईसाच्याच दुकानातून कंबरदुखीच्या गोळ्या न्यायची, देठ काढणाऱ्या बायांसाठी. त्यातली एखादी?

वर्षाराणीनं गळ्याची शपथ घेतली. सिद्धम्माअक्का पोटुशी बाईला गोळी देतच नाही, आणि मी मागितलीही नाही, म्हणाली. मला लागलीच नाही कधी. यार्डात दिवसभर बसून कंबर दुखायची नाही, उलट रविवारी घरी असले की दुखायची.

"आणि आता?"

"आता सकाळी दुखते. दुपारपास्नं बरी असते."

रईसाला ह्याचा अर्थ लागेना. शिवाय यार्डाचा विचार करण्यात हशील नव्हतं. पोरगी आठ दिवस यार्डात गेलेलीच नव्हती, आणि पाणी तर घरी बसून आटलं होतं. ती उठली. तुळजाबाई उशाशी असलेली स्टीलची बरणी घासायला उचलत होती आणि कुरकुरत होती की यार्डातल्या बायांना ह्या पोरीचा लई पुळका, रोज चहा धाडतात, माझ्या हातचा हिला गोड लागत नाही. वर्षाराणी त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

रईसा घरी आली तेव्हा तिच्या हाती काहीच नव्हतं. आणि एक दिवस गेला होता.

४

दुसरं काही सुचेना म्हणून बुधवारी ती यार्डात गेली. फेब्रुवारीत धर्माबादच्या यार्डात पाऊल टाकायचं म्हणजे आधी दहा शिंका द्यायच्या, तो तिथला कर. लाल मिरचीच्या राशींमध्ये चाळीस बाया नाकाला पदर बांधून बसल्या होत्या. उकिडवं बसायचं, मान खाली, दोन बोटांनी देठ मोडायचा. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

आपा आली म्हटल्यावर सगळ्याच बोलायला लागल्या. वर्षाराणीची चौकशी झाली, मग जिची तिची दुखणी निघाली. बहुतेकींच्या पोटात आग पडायची, छातीत जळजळायचं. मिरचीत बसतो, दुसरं काय होणार, म्हणत होत्या. रईसाला ते पटलं नाही. मिरची नाकात जाते, डोळ्यांत जाते, घशात जाते. पोटात आग पडायला ती खावी लागते, आणि ह्या बाया तर डब्यात ताकभात आणत होत्या.

रुद्राणी म्हणून एक साठीची बाई होती, सगळ्यांत जुनी. तिला गोळी गिळता यायची नाही, घशाखाली उतरतच नाही, सगळं यार्ड तिला त्यावरून चिडवायचं. ती म्हणाली, मला गोळीची गरजच काय, गुडघे माझे पोरीसारखे आहेत. फक्त रविवारी धरतात. रविवारी? हो, रविवारी. आणखी दोघीतिघी म्हणाल्या, आमचंही तसंच. कामाला शरीर सोकावलं, बसून राहिलं की दुखतं. एक जण म्हणाली, मागं मला फणफणून ताप होता, तशीच आले, आणि दहाच्या चहानंतर घाम सुटून ताप उतरला, कामातच औषध आहे बघा.

तेवढ्यात दहा वाजले आणि सिद्धम्मा किटली घेऊन आली. चाळीस-पंचेचाळीसची, ठसठशीत कुंकू, कंबरेत जरा वाकलेली. ती स्वतः वीस वर्षं त्याच राशीत बसली होती, कंबर तिथंच गेली. आता नवरा मुकादम झाला होता, पण चहा ती कुणाला करू द्यायची नाही. कोरा चहा, भरपूर गूळ, भरपूर आलं. रईसाला पाहुणी म्हणून दोन गिलास मिळाले. सिद्धम्मा किटली ढवळत नव्हती, वरचा वरचा पातळ चहा बायांना, आणि तळाचा घट्ट चहा बाजूला.

हे का, म्हणून रईसानं विचारलं तर बाया हसल्या. ती यार्डाची रीत होती. तळाचा चहा पोटुशी बाईचा. आलं-गूळ सगळं खाली बसतं, ते तिला मिळायला पाहिजे. यार्डात कुणाला दिवस गेले की दुसरी कुणी त्या तळाच्या गिलासाला हात लावत नसे, मुकादम असला तरी.

"आता तर पोटुशी कुणी नाही इथं," रईसा म्हणाली.

सिद्धम्मा नुसती हसली. रईसानं दुसरा गिलास संपवला, चार शिंका आणखी दिल्या आणि निघाली. यार्डात तिला काही मिळालं नाही असंच तिला वाटत होतं.

५

साडेअकराला दुकानात एक म्हातारा खोकल्याचं औषध मागायला आला. बाटली वरच्या फळीवर होती. रईसानं हात वर केला, बाटली काढली, पुसली आणि त्याला दिली.

हनीफ मशीन थांबवून बघत होता.

"आज नोकराला हाक मारली नाहीस," तो म्हणाला. "खांद्याला काय घेतलंस?"

रईसानं आपल्या हाताकडं बघितलं. पुन्हा वर केला. गेला, सहज गेला, सहा महिन्यांत पहिल्यांदा. तिनं काही घेतलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिच्या जठरात व्रण झाला होता, तेव्हापासून दुखण्याची गोळी तिला बंद होती. दुकानभर गोळ्या असून ती खांदा धरून बसायची. आणि आता तिच्या पोटात, बरगडीखाली, ती जुनी ओळखीची आग हळूहळू पेटत होती.

ती स्टुलावर बसली. रविवारी दुखणारी कंबर. रविवारी धरणारे गुडघे. दहाच्या चहानंतर उतरलेला ताप. चाळीस पोटांतली आग. दुखणं जातं, ताप जातो, पोट जळतं, अशी तिन्ही कामं करणारी गोष्ट तिच्या पाठीमागच्या फळीवर रांगेनं ठेवलेली होती. यार्डातल्या बाया गोळी घेत नव्हत्या. गोळी पीत होत्या.

"पण ती तर यार्डात जात नाही ना," हनीफ म्हणाला. सगळी हकीकत त्याला आदल्या रात्रीच माहीत झाली होती. "आठ दिवस घरात आहे पोरगी."

मग रईसाला उशाशी ठेवलेली स्टीलची बरणी आठवली. सकाळी दुखतं, दुपारपासून बरं असतं. तिनं चप्पलही घातली नाही. हनीफ मागून ओरडत राहिला आणि सत्तावन्न वर्षांची बाई भर उन्हात यार्डाच्या रस्त्यानं अनवाणी पळत गेली.

वर्षाराणीनं बरणीचं झाकण उघडून गिलासात चहा ओतला होता. रईसानं तो काढून घेतला, फडक्यातून गाळला आणि फडक्यावरचा चोथा बोटानं वेगळा केला. आल्याचे तंतू होते. त्यांच्याखाली पांढरी भुकटी होती. जिभेवर ठेवली. आधी गूळ लागला, मग कडू.

६

ती तुळजाबाईला एवढंच बोलली की हा चहा आजपासून बंद, आणि कारण सोमवारी सांगते. मग सिद्धम्माच्या घरी गेली. मनात राग होता. तिला वाटत होतं की बसवंतानं बायांकडून जास्त काम काढायला हा डाव केला असणार.

सिद्धम्मानं फडकं बघितलं आणि लगेच कबूल केलं. नवऱ्याला माहीतही नव्हतं, म्हणाली. रोज वीस गोळ्या कुटून किटलीत. बायांना सांगितलं असतं तर प्यायल्या नसत्या, गोळीनं गरमी होते म्हणतात आणि संध्याकाळी कण्हत घरी जातात. माझी कंबर गेली, त्यांची तरी राहू दे, एवढंच.

"पण पोटुशी पोरीला? तूच तर तिला गोळी देत नव्हतीस."

"गोळी कुटं दिली, आपा? गुळात कुटलेली दिली. लेकरांना चालती तशी." सिद्धम्मा तिच्याकडं बघतच राहिली. "तुमीच तर सांगितलं व्हतं."

रईसाला आठवलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. शिमग्याच्या आदल्या दिवशीची गर्दी, काउंटरवर दहा माणसं. सिद्धम्मा म्हणत होती की रुद्राणीला गोळी गिळता येत नाही, काय करू. आणि रईसानं दुसऱ्याचं औषध शोधता शोधता, मान वर न करता, सांगून टाकलं होतं की लेकरांना देतो तशी दे, गुळात कुटून, काही होत नाही. एवढंच. त्यानंतर दर सोमवारी गोळ्यांची मागणी वाढत गेली, आणि तीस वर्षं काउंटरमागं बसलेल्या बाईनं एकदाही विचारलं नाही की एवढ्या गोळ्या जातात कुठं.

सिद्धम्माला आता कुठं पुरतं कळलं होतं की आपल्या चहानं काय होत होतं. ती आधी स्वतःच्या थोबाडीत मारायला लागली, रईसानं तिचे हात धरले. मग ती शांत झाली आणि म्हणाली की आपा, तुमचं नाव मी घेणार नाही. तुमच्या शब्दावर गाव औषध घेतं. माझं काय, मी अडाणी बाई, माझ्या डोक्यानं केलं म्हणून सांगते.

ती मनापासून बोलत होती. आणि रईसाला ते ऐकून बरं वाटलं, हेही सांगायला पाहिजे. घरी जाईपर्यंत ती त्याच आधारावर चालत होती. दुकान होतं, तीस वर्षांचं नाव होतं, आणि चूक तर खरोखर सिद्धम्माच्या हातूनच झाली होती. जेवताना तिनं हनीफला सगळं सांगितलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

"एक सासू विनाकारण चोर ठरली," तो म्हणाला. "आता दुसरी बाई अर्ध्या कारणानं ठरवायची का?"

७

सोमवारी नांदेडला लुंबिनीबाईंनी यंत्र फिरवलं आणि म्हणाल्या, सात. पाच दिवसांत पाचाचं सात. बाहेरच्या बाकड्यावर हरिओम, तुळजाबाई, सिद्धम्मा आणि रईसा बसले होते. सिद्धम्मा कालपासून जेवली नव्हती. हरिओम जीपची किल्ली बोटावर फिरवत होता, ती फिरायची थांबली.

रईसानं डॉक्टरबाईंनाही बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. ही गोळी काही सैतान नाही, म्हणाली. पूर्वी ताप आला, सांधे धरले की लोक एका झाडाची साल उकळून प्यायचे. त्या गुणावरनं सव्वाशे वर्षांपूर्वी पहिली गोळी झाली, मग तिच्या बहिणी निघाल्या, आणि आपल्या चहातली ही पन्नास वर्षांपूर्वीची. अंगात दुखण्याचा निरोप नेणारा एक निरोप्या असतो, ही त्याला अडवते, म्हणून दुखणं कळत नाही. पण तोच निरोप्या जठराचं अस्तर सांभाळतो. आणि पोटातल्या बाळाची किडनी चालवतो. बाळाभोवतीचं पाणी म्हणजे दुसरं काय, बाळाचीच शू. निरोप्या अडला, नळ बंद. त्यातून सगळ्यांत जास्त भुकटी बसायची किटलीच्या तळाशी, आणि तळाचा चहा सगळ्यांत लाडक्या बाईचा. माहेरी चहा नव्हता म्हणून पाणी वाढलं. घरी आली, चहा पाठीमागं बरणीतून आला.

"सिद्धम्मानं कुटली," ती म्हणाली, "पण गुळात कुटून दे हे सांगणारी मी. विकणारी मी. तुळजाबाईनं काही केलं नाही. हरिओम, तुला कुणाला बोलायचं असेल तर मला बोल."

हरिओम बोलला, चांगलं पाच मिनिटं बोलला, आणि रईसानं ऐकून घेतलं. मग तो तुळजाबाईच्या पायाशी वाकला. तिनं त्याला वाकू दिलं. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या की हे कळलं नसतं तर ह्या आठवड्यात मी बाळ काढायचा निर्णय घेतला असता, आणि आत निघून गेल्या.

पुढचं इथंच सांगून टाकलेलं बरं, उगाच कुणाचा जीव टांगणीला कशाला. आणखी आठ दिवसांनी पाणी दहा झालं. दिवस भरल्यावर पोरगी झाली, पावणेतीन किलोची, आणि आली तीच बोंबलत. यार्डातला चहा चालू राहिला, नुसता आल्या-गुळाचा. चहाची चव गेली म्हणून बायांनी आठ दिवस सिद्धम्माचं डोकं खाल्लं. मग सगळ्यांच्या कंबरा एकदमच दुखायला लागल्या आणि बसवंताला दुपारी तासभर आडवं व्हायची सुट्टी द्यावी लागली.

पण त्या सोमवारी हे काहीच झालेलं नव्हतं. धर्माबादच्या स्टेशनवर उतरल्यावर रईसानं तुळजाबाईचे हात धरले आणि माफी मागितली. तुळजाबाईनं हात काढून घेतले नाहीत, पण माफही केलं नाही.

"दवाखान्यात सांगितलं ते बरं केलं," ती म्हणाली. "पन दवाखान्यात माजं नाव गेलंच नव्हतं. गल्लीत गेलं. सतरा घरात मला सुनंचा घात करनारी म्हनत्यात. पान्याला गेले तर बाया कळशी झाकत्यात. तिथं सांगशील का?"

रईसा म्हणाली, सांगते.

त्याच संध्याकाळी दोघी निघाल्या. तुळजाबाई प्रत्येक दाराशी उभी राहायची आणि रईसा आत जाऊन सांगायची, पहिल्यापासून, झाडाच्या सालीपासून नाही पण शिमग्याच्या गर्दीपासून, आपल्या तोंडून गेलेल्या शब्दापासून. काही घरांत लोकांनी पाणी दिलं. एका घरात विचारलं की मग तू आमच्या पोरांना आजवर काय काय दिलंस. एका घरात म्हातारीला ऐकू कमी यायचं, तिथं सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं, "माझी चूक" हेसुद्धा दोनदा, आणि ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. तुळजाबाई ऐकत राहिली. तिनं एकाही घरात तिला थांबवलं नाही.

बाराव्या घरातून रईसा बाहेर आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हते. तिनं पुढच्या दाराकडं बोट केलं आणि चालायला लागली.

तुळजाबाईनं तिच्या दंडाला धरलं.

"बस आता, आपा," ती म्हणाली. "राह्यलेली पाच घरं मी सांगते."

काय सांगशील, असं रईसानं खुणेनंच विचारलं.

"सांगते की पानी आपानं शोधून दिलं. आन् चूक कुनाची ते बी तिनंच सांगितलं, कुनी न इचारता."

तेराव्या घराच्या पायरीवर तुळजाबाई पुढं झाली आणि तिनं कडी वाजवली. रईसा तिच्या मागं एक पायरी खाली, डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिली.